बिया वाळवा म्हणणाऱ्यांना

दर उन्हाळ्यात एक निरोप मोबाइलवर फिरतो: खाल्लेल्या आंबा, फणस, जांभळांच्या बिया धुवा, कडक उन्हात वाळवा, पावसाळ्यात मातीचे गोळे करून घाटात फेका. हेतू चांगला. सल्ला मात्र बी मारणारा.

सुकवलेली बी टिकते, हा समज कणगीतल्या ज्वारीवरून आला. खैर, बाहवा यांनाही तो लागू पडतो. त्यांच्या बियांतला ओलावा पाच टक्क्यांपर्यंत उतरला तरी अंकुर जिवंत राहतो. आंबा, फणस, जांभूळ, कोकम यांच्या बिया झाडावरून पडतात त्याच ओल्या, आणि सुकल्या की संपल्या. मग कितीही पाणी घाला. बीजशास्त्रज्ञ इ. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ साली बियांची ही दोन कुळं वेगळी मांडली. कोकणात फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळवून ठेवतात, त्याही सुकू नयेत म्हणूनच. तो खटाटोप आमटीसाठी असतो, हे सोडा.

यावर ठरलेला प्रश्न येतो: जंगलात बियांची उस्तवार कोण करतं? कोणी नाही. पण तिथे जांभूळ पिकतं तेच पावसाच्या तोंडावर आणि बी पडते पाचोळ्याच्या ओलसर सावलीत. बाहव्याच्या बीची तऱ्हा वेगळी. तिच्या कठीण टरफलातून पाणीच आत शिरत नाही, म्हणून शेंगेतल्या बिया थोड्या थोड्या करत काही वर्षं उगवत राहतात. झाडाला घाई नसते, आपल्याला असते. तेव्हा ती बी खरवडून किंवा गरम पाण्यात भिजवून घ्यावी लागते. वड-उंबराच्या बारीक बियांना तर रुजायला उजेड हवा. त्या गोळ्याच्या पोटात गाडणं म्हणजे रुजण्याची वाटच बंद करणं.

गोळ्यांसाठी जपानी शेतकरी मासानोबू फुकुओकांचा दाखला देतात. त्यांच्या शेतातल्या गोळ्यांत भात होता. एकदम उगवावं म्हणून माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं धान्य ते. रानझाडाच्या बीला तो न्याय लावता येत नाही.

म्हणून गोळे टाकाऊ ठरत नाहीत. खैर, बाहव्याच्या तयार केलेल्या बिया उघड्या मुरमाड उतारावर जरूर टाकाव्यात, कातळसड्यावर मात्र नकोत. तिथलं गवत आणि रानफुलं हीच तिथली निसर्गसंपत्ती आहे.

जांभूळ खाल्लंत तर बी त्याच आठवड्यात ओल्या मातीच्या पिशवीत लावा आणि रोप वर्षाचं झाल्यावर पुढच्या पावसात डोंगरावर न्या.