दशावतारी वेष व त्याचा काळ

दक्षिण कोंकणांतील दशावतारी खेळ आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनीं इ. स. १७२८ मध्यें कर्नाटकांतून आणिला, असा समज रूढ आहे. आमच्या मतें तो जसाच्या तसा ग्राह्य नाहीं. दशावतारी खेळांतील सुंदर स्त्रिया वस्तुतः पुरुषच असतात, असा निर्देश सतराव्या शतकांतील दासबोधांत आहे. अर्थात् लुगडें नेसून स्त्रीपात्र उभें करण्याची चाल महाराष्ट्रास १७२८ पूर्वींच परिचित होती. मालवण-कुडाळ भागांत ती आजही चालू आहे.

इतर वेषही लक्षांत घेण्याजोगे आहेत. राजास किरीट, भुजकीर्ती व शेला; गणपतीस मुखवटा; वेद चोरणाऱ्या संकासुरास मात्र तोंड झाकणारा काळा बुरखा व लोंबती लाल जीभ. हें साहित्य पेटाऱ्यांत राहतें व त्या पेटाऱ्याची पूजाही होते.

परंतु वस्त्रें जीर्ण होतात. ती पुरावा म्हणून उरत नाहींत. दासबोधांतील निर्देशही केवळ कोंकणापुरता नाहीं. तेव्हां दशावताऱ्यांस दिलेल्या लुगड्याशेल्यांचा शोध कोंकणांतील देवस्थानांच्या मोडी जमाखर्चांतच घेतला पाहिजे. १७२८ पूर्वींची एक नोंद मिळाली तरी वाद मिटेल. ज्यांचे संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडण्यापूर्वीं तपासावे, ही विनंती.