मोडांची गोष्ट : कूतचा वेढा आणि आपली उसळ

मटकीला मोड आणण्याची पद्धत आपल्याकडे इतकी जुनी आहे, की त्यामागचं कारण आपण कधी विचारत नाही. त्यातलं एक मोठं कारण ठळकपणे पुढे आलं ते पहिल्या महायुद्धाच्या काळात.

डिसेंबर १९१५. आजच्या इराकमधल्या कूत गावात ब्रिटिश-हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी मिळेनाशी झाली. गोरे सैनिक घोड्याचं मांस खाऊ लागले. बहुतेक हिंदी सैनिकांनी ते बराच काळ नाकारलं. ताज्या मांसात थोडं का होईना 'क' जीवनसत्त्व असतं, कोरड्या पिठात ते नसतं. हिंदी सैनिकांमध्ये स्कर्व्ही पसरली. या आजारात हिरड्या सुजतात, त्यातून रक्त येतं, दात हलतात, जखमा भरत नाहीत. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौज शरण गेली.

त्याच काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्कर्व्हीवर सोपा उपाय शोधत होत्या. चिक आणि मॅरियन डेल्फ यांनी १९१९ मध्ये गिनीपिगवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वाटाणा आणि मसूर कोरडे असताना स्कर्व्ही रोखत नव्हते. भिजवून मोड आणल्यावर रोखत होते.

असं का होतं? दाणा भिजला की आतला अंकुर जागा होतो आणि वाढताना स्वतःच 'क' जीवनसत्त्व तयार करतो. मात्र दाणा अख्खा हवा. भरडलेल्या डाळीला मोड येत नाहीत.

स्कर्व्ही आज क्वचित दिसते, पण संपलेली नाही. घरात एकटे राहणारे, चहा-बिस्किटांवर दिवस काढणारे वृद्ध असतील तर त्यांच्या हिरड्यांकडे लक्ष द्या आणि रक्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि उसळ करताना एवढं पाळा. कडधान्य रात्रभर भिजवा, स्वच्छ फडक्यात बांधून मोड आणा. फार वेळ शिजवू नका, उष्णतेने 'क' जीवनसत्त्व कमी होतं. ताटात वरून लिंबू पिळा. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र कच्चे मोड खाऊ नयेत. ओलाव्यात आणि उबेत जंतूही वाढतात. त्यांनी मोड नीट शिजवूनच खावेत.