मुरलेला कोबी

आजीने बरणीचं फडकं सोडलं, वाकून वास घेतला आणि फडकं परत बांधलं. “नासला गं तुझा कोबी.”

नासला नव्हता. जानेवारीचा दुसरा आठवडा होता, निफाडचा पारा रोज पेपरात झळकत होता आणि गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्येही रात्री दोन पांघरुणं लागत होती. मी मुद्दामच हा महिना धरला होता. जर्मन पद्धतीने कोबी आंबवायला १८ ते २० अंशांच्या आसपासचं तापमान बरं. एप्रिलमध्ये हा उद्योग केला असता तर आजीचं म्हणणं खरंही ठरलं असतं. एक किलो बारीक चिरलेला कोबी, २० ग्रॅम मीठ. पाणी सुटेपर्यंत दोन्ही हातांनी चोळायचा, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत ठासून भरायचा, वर बशी आणि बशीवर धुतलेला वरवंटा. कोबी स्वतःच्याच पाण्यात बुडालेला राहिला पाहिजे. वर आला की बुरशी धरतो.

पुढचं काम कोबीच्या पानांवर आधीपासूनच असलेले जिवाणू करतात. पहिले काही दिवस ल्युकोनोस्टॉक जातीच्या जिवाणूंचे. ते वायू सोडतात, बरणी बुडबुडते आणि घरात तो वास पसरतो. आंबटपणा वाढला की तो त्यांचा त्यांनाच सोसवत नाही. मग जास्त आंबट सोसणारे लॅक्टोबॅसिलस कुळातले ताबा घेतात. तीन-चार आठवड्यांत बरणीत इतकं आम्ल तयार होतं की कुजवणाऱ्या जिवाणूंना आत थारा मिळत नाही.

मराठीत अशा प्रकारांसाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत. इडलीचं पीठ आंबतं, लोणचं मुरतं, दूध नासतं. पण कुठल्या बरणीला कुठलं क्रियापद लागणार, हे बऱ्याचदा झाकण उघडणाऱ्यावर अवलंबून असतं.

आजीचं क्रियापद मुळात आजोबांचं होतं. सत्तरच्या दशकात कारखान्याने त्यांना तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला पाठवलं होतं. घरातून विमानात बसलेले ते पहिले. फोटोत ते कोट घालून बर्फात उभे आहेत आणि कोट अंगावर लोंबतोय, कारण तोवर त्यांचं सात किलो वजन उतरलं होतं. तीन महिने ब्रेड, बटाटे आणि दही. कँटीनमध्ये रोज कोबी असायचा, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे. परत आल्यावर जर्मनीबद्दल विचारलं की मशीनचं कौतुक तासभर चालायचं आणि जेवणाबद्दल एकच वाक्य, “ते लोक कोबीसुद्धा नासवून खातात.”

पन्नासेक वर्षांनी मी श्टुटगार्टला गेले, सॉफ्टवेअरच्या कामासाठी, दीड वर्ष. हे शहर नाशिकच्या माणसाला ओळखीचं वाटावं असं आहे. द्राक्षांचे मळे थेट शहराच्या टेकड्यांवर चढलेत. दक्षिणेला फिल्डर नावाचं पठार आहे, त्याच्यावर विमानतळ आणि विमानतळाला खेटून कोबीची शेतं. तिथला कोबी गोल नसतो, वर निमुळता होत जातो, आणि दर ऑक्टोबरमध्ये त्याची जत्रा भरते. ज्या मुलखात कोबी आणि द्राक्षं शेजारी पिकतात, तिथे दोघं एका भांड्यात गेले यात नवल नाही. माझी घरमालकीण साउअरक्राउट सफरचंद घालून शिजवायची, द्राक्षांच्या दिवसांत द्राक्षं घालून, आणि पाहुणे असले की डब्यातला अननस. मांस नाही. मला वाटलं माझ्यासाठी वगळलंय. ती म्हणाली, आमच्याकडे आईच्या वेळेपासून असंच.

हे मला थापेसारखं वाटलं, म्हणून शोधत बसले. एडुआर्ड बाल्ट्झर नावाच्या धर्मोपदेशकाने नॉर्डहाउझेन या गावात जर्मनीतली पहिली शाकाहारी संघटना काढली ती १८६७ साली. १८९३ मध्ये बर्लिनच्या एका शाकाहारी भोजनालयात अठरा जण जमले आणि त्यांनी शहराबाहेर, ओरानिएनबुर्गजवळ, ‘एडन’ नावाची वसाहत स्थापन केली. दारू नाही, मांस नाही, फळबागा करायच्या. त्यांचा माल ‘रेफॉर्महाउस’ म्हणवल्या जाणाऱ्या दुकानांतून देशभर विकला जायचा. म्हणजे आजोबा ज्या देशात दह्यावर दिवस काढत होते, तिथे बिनमांसाच्या जेवणाची परंपरा तोवर शंभर वर्षांची झाली होती. फक्त ती कँटीनच्या रांगेत उभी नव्हती.

लोकांनी हा कोबी नाकारणं ही गोष्टही जुनीच. १७६८ मध्ये कॅप्टन जेम्स कुक ‘एंडेव्हर’ जहाज घेऊन इंग्लंडहून निघाला तेव्हा जहाजावर साडेतीन टनांच्या आसपास साउअरक्राउट होतं, माणसं शंभरेक. लांबच्या प्रवासात खलाशी स्कर्व्हीने मरत, हिरड्या सडत, जुन्या जखमा उघडत. ‘क’ जीवनसत्त्व सापडायला अजून दीडेकशे वर्षं होती, पण हा कोबी उपयोगी पडतो अशी अटकळ होती. खलाशी तोंड लावेनात. कुकने एप्रिल १७६९ च्या नोंदीत आपली युक्ती लिहून ठेवली आहे. त्याने तो कोबी रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला आणि खलाशांना सांगितलं, तुम्हाला हवा तर घ्या, नको तर राहू दे. आठवड्याभरात मागणी इतकी वाढली की रेशन ठरवून द्यावं लागलं. मला या गोष्टीत कुकच्या शास्त्रापेक्षा त्याचा बेरकीपणा आवडतो. साहेब खातोय म्हटल्यावर नासलेला कोबी एका आठवड्यात मुरला.

उलटंही झालं. दोन्ही महायुद्धांत जर्मन माणसासाठी इंग्रजीत शिवी झाली ती ‘क्राउट’. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी बरण्यांवरचं नाव बदलून ‘लिबर्टी कॅबेज’ केलं, आत तोच कोबी. त्याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानातले जर्मन व्यापारी आणि मिशनरी पकडून आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले होते. १९३९ मध्ये हाच प्रकार पुन्हा झाला. आयगर शिखराची उत्तर भिंत चढणारा हाइनरिश हॅरर नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीत पकडला गेला आणि नगरला आला. तिथून देवळालीला, मग देहरादूनला, आणि १९४४ मध्ये तिथून पळून तिबेटात. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ लिहिणारा तोच. हा हॅरर हिटलरच्या एसएस संघटनेचा सदस्य होता. आणि त्या सप्टेंबरात हिटलरपासून जीव वाचवून मुंबईत आलेल्या ज्यू निर्वासितांनाही, पासपोर्टवर जर्मनी लिहिलंय म्हणून, नगरलाच नेलं होतं. नंतर चौकशी होऊन त्यांतले बरेच सुटले. छावणीच्या फाटकावर मात्र दोघांची नोंद एकच, जर्मन.

देवळालीला आम्ही लहानपणी हवापालटासाठी आणि खंडोबाच्या टेकडीसाठी जायचो. हे कुणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी बरणी उघडली. कोबी पिवळसर, कुरकुरीत, वास स्वच्छ आंबट. थोड्या तेलात कांदा पारदर्शक होईपर्यंत परतला, शहाजिरे घातले (तिकडचं ‘क्युमेल’ याच्या जवळचं), पिळून घेतलेला कोबी, अर्ध्या सफरचंदाच्या फोडी, वाटीभर पाणी, मंद आचेवर अर्धा तास. मीठ नाही, बरणीतलं पुरतं. शेवटच्या पाच मिनिटांत मूठभर द्राक्षं, अर्धी चिरून. पिंपळगावच्या रस्त्यावर घेतलेली, हंगामाच्या सुरुवातीची, अजून जराशी आंबट. गोड द्राक्षं घातली तर पदार्थ मुरंब्याकडे झुकतो.

जेवताना मी ते आजीच्या ताटात उजवीकडे वाढलं, भाजीच्या जागी. तिने बोटाने थोडं चाखलं.

“यात ते डुक्कर घालतात ना?”

“घालतात. सगळे नाही घालत. तिकडे शाकाहारी लोक आजोबांच्या आधी शंभर वर्षांपासून होते.”

“मग यांना का नाही कुणी दिलं?”

मी एडन सांगितलं, रेफॉर्महाउस सांगितलं, कँटीनची रांग सांगितली. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. दुसरा घास घेतला. मी म्हटलं, कोबी हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलाय, ‘कोव’वरून, आणि अननसही त्यांच्याचकडून. जर्मन लोकही अननसाला अननसच म्हणतात.

“म्हणू देत,” आजी म्हणाली. चमच्याने तिने सगळा कोबी ताटात डावीकडे सरकवला, लिंबाच्या फोडीशेजारी, जिथे आमच्याकडे पंचामृत वाढतात. “हे भाजीच्या जागचं नाही. तोंडीलावणं आहे. अननसाला आपण सासव करतो, तसलं काहीतरी. मोहरी हवी होती याला.”

“घालू का पुढच्या वेळी?”

“पुढच्या वेळी कशाला? बरणीत आहे ना अजून? मुरलाय तो चांगला. संध्याकाळी काढ, मी फोडणी देते.”