हेक्टरी एक रुपया

सकाळी साडेसातला कांजूरमार्ग स्टेशनच्या पश्चिमेला पवईच्या शेअर रिक्षाची रांग लागलेली असते. पूर्वेकडून पूल उतरून आलेल्या बायका, हातात पिशवी, पिशवीत डबा. दिवसपाळीचे वॉचमन. गळ्यात ओळखपत्र लटकवलेली पोरं. तुमचा नंबर अजून पंधरावा आहे. तुम्ही कंटाळून मागे वळता, पूल चढता आणि पूर्वेला उतरता.

उतरता तेव्हा मागे पूल नसतो. स्टेशनही नसतं. नोव्हेंबर 1949 आहे. इथे गाडी थांबत नाही, भांडुपला उतरून चालत यावं लागतं. समोर खाडीपर्यंत मिठागरं. पावसाळा संपून बांधबंदिस्ती चाललीय. गुडघाभर चिखलात उभा असलेला एक माणूस वाफ्याचा तळ पायांनी तुडवून सपाट करतोय. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं, पुढच्या पावसापर्यंत हेच. टाचांच्या भेगांत मीठ गेलं की काय होतं, ते त्याला विचारू नका.

"काय भाऊ, कुठले?" तो विचारतो.

पुढचे, असं तुम्ही म्हणता. तो हसतो. जागा त्याची नाही, मीठही त्याचं नाही. पण दोन-अडीच वर्षांत तो मत देणार आहे आणि त्याच्या मताचं वजन आगराच्या मालकाच्या मताइतकंच असणार आहे. याच महिन्याच्या 25 तारखेला दिल्लीत घटना समितीपुढे डॉ. आंबेडकर नेमकं या माणसाबद्दल बोलले, त्याचं नाव न घेता: राजकारणात समता आणि पोटापाण्यात विषमता, हा विसंगतीचा संसार फार काळ टिकायचा नाही. दोन वर्षांपूर्वी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मोठे उद्योग आणि शेतजमीन सरकारी मालकीची करा, आणि ते घटनेतच लिहा, असं सुचवलं होतं. घटनेतच का? म्हणजे आर्थिक समता कुणा हुकूमशहाच्या मर्जीवर उरणार नाही आणि ती आणण्यासाठी लोकशाहीही मोडावी लागणार नाही. ते कलम घटनेत आलं नाही.

रुळांपर्यंत मागे या. गाडी बघून.

फेब्रुवारी 1976. आता फलाट आहे, भोंगा आहे, क्रॉम्प्टनच्या गेटबाहेर चहाची टपरी आहे. टपरीवर कुणी मोठ्याने बोलत नाही, कारण आणीबाणी आहे. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे आणि खाणकामगारांच्या प्रश्नांतून कामगार पुढारी झालेले डॉ. दत्ता सामंत या काळात तुरुंगात जातात. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला आहे. आणि याच 17 तारखेपासून महाराष्ट्रात नागरी कमाल जमीन धारणा कायदा लागू होतो. मुंबईत कुणालाही 500 चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येणार नाही, वरची सरकारजमा. ज्याला जाहीर सभा घ्यायची परवानगी नाही, त्याला जमिनीची समता मिळणार, असा हा उफराटा व्यवहार. आंबेडकरांना टाळायचं होतं ते हेच.

टपरीवर तुमच्या बाजूला एक जमीनमालक बसलाय. जादा जमिनीचं विवरणपत्र भरायला आलाय आणि घामाघूम आहे. "चौरस मीटरला जास्तीत जास्त दहा रुपये देणार. कितीही जमीन गेली तरी दोन लाखांच्या वर नाही. याला काय म्हणायचं?" त्याच्याशी वाद घालू नका, या एका बाबतीत तो खरं बोलतोय. पण त्याचा वकील धूर्त आहे. कायद्याच्या विसाव्या कलमावर बोट ठेवून तो म्हणतो, "साहेब, हे वाचा. सार्वजनिक हित दिसलं, किंवा मालकाला फार त्रास होतोय असं वाटलं, तर सरकार सूट देऊ शकतं."

मालकाचा घाम वाळतो. मला विचाराल तर सगळी गोष्ट त्या क्षणी संपली. पुढची तीस वर्षं मुंबईत आपली जमीन आपली ठेवण्याचं स्वातंत्र्य हा हक्क उरला नाही. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर वाटली जाणारी ती मेहेरबानी झाली. आणि मेहेरबानी कुणाला परवडते, हे सांगायला नको. (पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुतांशी वैध ठरवला. विसावं कलमही राहिलं.)

आता रूळ ओलांडून पश्चिमेला, चढण चढून पवईकडे. 1986 चा नोव्हेंबर. ओबडधोबड टेकड्या, दगडाच्या खाणी, सुरुंगाचा धूर, अंगावर पांढरी धूळ. इथल्या सुमारे 230 एकरांसाठी राज्य सरकार, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनधारकाच्या वतीने विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार होतोय. जमीन 80 वर्षांच्या भाडेपट्ट्याने, भाडं हेक्टरी एक रुपया. 230 एकर म्हणजे साधारण 93 हेक्टर. शंभराची नोट दिलीत तर सुटे परत मिळतील. अट एवढीच की घरं 40 आणि 80 चौरस मीटरचीच बांधायची, म्हणजे मध्यमवर्गाला परवडतील अशी. आणि त्यातली 15 टक्के सरकारला चौरस फुटाला 135 रुपये दराने द्यायची. कागद वाचताना तुम्हाला भरून येतं. कारकुनाचं घर, शिक्षिकेचं घर. डोळे मिटा आणि वीसेक वर्षं थांबा. उघडाल तेव्हा समोर रोमन खांबांचे मनोरे, कारंजी, आणि नकाशावर छोटी दिसणारी शेजारशेजारची घरं आतून जोडून केलेले ऐसपैस फ्लॅट.

वाटेत 16 जानेवारी 1997 लागतो. पवईतल्या घरून पंतनगरला निघालेल्या डॉ. सामंतांवर इथल्याच रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथे थांबवत नाही.

29 नोव्हेंबर 2007. महाराष्ट्र कमाल जमीन धारणा कायदा रद्द करतो. केंद्राने 1999 लाच केला होता, आणि शहर विकासाचा केंद्राचा पैसा हवा तर हा कायदा जाऊ द्या, अशी अट होती. जमीन खुली होईल, घरं वाढतील, किमती उतरतील, असं सांगितलं गेलं. जमीन खुली झाली. क्रॉम्प्टनच्या आवारातही आता टॉवर उभे आहेत. किमती उतरलेल्या कुणाला दिसल्या असतील तर त्याने हात वर करावा.

फेब्रुवारी 2012 मध्ये पवईच्या करारावरच्या जनहित याचिकांवर उच्च न्यायालय सांगतं की आधी ठरलेली तीन हजारांहून अधिक छोटी घरं बांधा, मग दुसरं काही. आदेश येतो तेव्हा कराराला पंचवीस वर्षं होऊन गेलेली असतात. 1986 साली घर मागायचं वय असलेला कारकून एव्हाना निवृत्त झालाय.

शेवटी पुन्हा पूर्वेला, डिसेंबर 2020. मिठागरं. मेट्रोच्या कारशेडसाठी 102 एकर, जमीन आमची असं राज्य म्हणतं, मिठागर आयुक्तांची असं केंद्र म्हणतं, आणि 16 तारखेला उच्च न्यायालय काम थांबवतं. 1949 चा तो माणूस किंवा त्याचा नातू या दाव्यात पक्षकार नाही. तुम्ही त्याला शोधता. वाफे कोरडे, खारफुटी वाढलेली, मागे कचराभूमीचा वास.

पूल आहे. चढा. रांगेत तुमचा नंबर आलाय. रिक्षात शेजारी एक बाई बसल्यात, पवईला दोन घरची पोळी-भाजी करतात. त्यातलं एक घर कागदावर दोन घरं आहे, हे त्यांना ठाऊक नाही. विचारलंत तर सांगतील की रेल्वेच्या नव्या मार्गासाठी त्यांची झोपडी गेली आणि बदल्यात कांजूर पूर्वेला खोली मिळाली, 225 चौरस फुटांची. जुन्या कायद्याने मुंबईत प्रत्येक मालकाला ठेवू दिलेल्या 500 चौरस मीटरांत तशा जवळजवळ चोवीस खोल्या मावतात.