एका अक्षराचा वाद : ख्रिस्ती श्रद्धेत सिद्धांताचे महत्त्व

गोव्यातील चर्चमध्ये रविवारच्या मिसेत भाविक उभे राहून मतांगीकार म्हणतात. मतांगीकार म्हणजे आपण काय मानतो, याची मोजक्या कलमांत केलेली घोषणा. प्रार्थना, सेवा आणि सदाचार असताना या घोषणेची गरज काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर चौथ्या शतकातील एका वादात सापडते.

बायबलच्या नव्या करारातील तीमथ्य व तीत यांना लिहिलेल्या पत्रांत योग्य शिकवणीचा आग्रह वारंवार येतो. तेथे वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘निरोगी’ असा आहे. सिद्धांत म्हणजे केवळ पंडितांच्या वादाचा विषय नव्हे, तर श्रद्धेच्या प्रकृतीशी त्याचा संबंध आहे, असे त्या शब्दातून सूचित होते.

नायसियाची परिषद

अलेक्झांड्रिया येथील आरियस या धर्मगुरूने असे प्रतिपादन केले की, ख्रिस्त हा सर्व सृष्टीहून श्रेष्ठ असला, तरी तो पित्याने निर्माण केलेला आहे. एक काळ असा होता, जेव्हा पुत्र नव्हता. वाद विकोपाला गेल्यावर सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे बिशपांची परिषद बोलावली. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानातील इझनिक होय. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असा निर्णय परिषदेने दिला. त्यासाठी ‘होमोऊसिओस’ हा ग्रीक शब्द योजला गेला. पुढे काहींनी ‘होमोइऊसिओस’, म्हणजे ‘सदृशतत्त्व’, हा शब्द सुचवला. ग्रीक लिपीत या दोन शब्दांत ‘आयोटा’ या एकाच अक्षराचा फरक आहे.

एका अक्षरासाठी एवढा संघर्ष कशासाठी? ख्रिस्ती समाज आरंभापासून ख्रिस्ताची उपासना करीत आला होता. ख्रिस्त निर्मित असेल, तर ती उपासना निर्मात्याची न राहता निर्मिताची ठरते. शिवाय, जो स्वतःच निर्मित आहे, तो मानवाला ईश्वराशी कसा जोडणार, हा अथानासियसचा मुख्य मुद्दा होता. वाद शब्दाचा दिसला, तरी पणाला लागले होते ते उपासना आणि तारण.

हा निर्णय केवळ राजाज्ञेने टिकला असे म्हणता येणार नाही. पुढील काही सम्राटांचा कल आरियसच्या पक्षाकडे झुकला आणि अथानासियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. अखेर ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत नायसियाच्या निर्णयावर पुन्हा शिक्कामोर्तब झाले.

मराठीतील मांडणी

सिद्धांत नव्या भाषेत नेताना शब्दांची निवड अधिकच नाजूक होते. ‘अवतार’ म्हटले की मराठी वाचकासमोर युगायुगांतील अनेक अवतार उभे राहतात. ख्रिस्ती मतानुसार मात्र ईश्वराचे देहधारण एकदाच घडले. साष्टीत कार्य केलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटासमोर भाषेचे हे आव्हान होते. त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्यांच्या निधनानंतर, १६२२ मध्ये, त्यांची कोकणीतील ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पुस्तिका तेथेच प्रसिद्ध झाली. एकात कथा आणि दुसरीत सिद्धांत, अशी ही जोडी परस्परपूरक म्हणता येईल.

सक्ती आणि विवेक

सिद्धांताच्या आग्रहाची दुसरी बाजूही गोमंतकाने अनुभवली आहे. १५६० मध्ये येथे स्थापन झालेले इन्क्विझिशन मधला अल्पकाळ वगळता १८१२ पर्यंत चालू राहिले. शिकवणीची शुद्धता राखण्याचे काम दंडसत्तेकडे गेले की श्रद्धेची जागा भय घेते.

याउलट पंडिता रमाबाईंचे उदाहरण बोलके आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण चर्चची प्रत्येक शिकवण त्यांनी निमूटपणे स्वीकारली नाही. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घातला आणि बायबलमधील आधार मागितला. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. अनुवाद त्यानंतर प्रसिद्ध झाला.

म्हणूनच सिद्धांताचे महत्त्व मान्य करणे म्हणजे प्रश्न विचारणे थांबवणे नव्हे. आपण कोणाची उपासना करतो आणि का, हे सिद्धांत सांगतो. त्याच्याशिवाय श्रद्धा भावनेच्या लाटेवर किंवा प्रभावी वक्त्याच्या शब्दावर वाहवत जाऊ शकते. आणि विवेकाशिवाय सिद्धांत केवळ पाठांतर उरतो. मिसेत म्हटल्या जाणाऱ्या त्या मोजक्या ओळींमागे सतराशे वर्षांचे हे मंथन आहे.