नातवांनी उघडलेल्या पेट्या

मागच्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या घराची साफसफाई निघाली आणि माळ्यावरची आजोबांची ट्रंक खाली आली. आजोबा वनखात्यात होते, नोकरीची बरीच वर्षं आलापल्लीला गेली. जवळ आग्फा क्लिक थ्री कॅमेरा, आणि दिसेल त्याचा फोटो काढायची हौस. ट्रंकेत निगेटिव्हचे गठ्ठे निघाले. काही एकमेकांना चिकटलेले, काहींवर बुरशी, पाकिटं तर वाळवीनं संपवलेलीच. मोठे बाबा म्हणाले, "आता हे धुऊन देणारा तरी कोण उरलाय? टाकून दे."

मी टाकले नाहीत. का, ते सांगायचं तर पणजीतल्या एका प्रदर्शनाची गोष्ट सांगावी लागेल.

डिसेंबर २०१७ मध्ये पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सवात योझेफ विर्शिंग या जर्मन कॅमेरामनच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. नाव ऐकलेलं नसेल, पण त्याचं काम तुम्ही नक्की पाहिलं आहे. 'महल' (१९४९) आठवा. तो अंधारा वाडा, तो झोपाळा, मधुबालेचा अर्धवट उजेडातला चेहरा. लताबाईंच्या गाण्यामुळे सिनेमा लक्षात राहिला हे खरं, पण तो उजेड विर्शिंगचा. 'पाकिझा'चाही बराचसा भाग त्याचाच. तो सिनेमा इतका रखडला की १९६७ साली विर्शिंग वारला आणि पडद्यावर चित्र आलं १९७२ मध्ये. राहिलेलं काम दुसऱ्या कॅमेरामननी पुरं केलं.

विर्शिंगचा जन्म म्युनिकचा, १९०३ चा. हिमांशू राय यांनी म्युनिकच्या एमेल्का कंपनीबरोबर बुद्धाच्या जीवनावर मूकपट काढला, 'प्रेम संन्यास' (१९२५), त्या वेळी तो पहिल्यांदा भारतात आला. पुढे १९३४ मध्ये राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली, तेव्हा दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन, कॅमेऱ्यावर विर्शिंग, शिवाय नेपथ्याला आणि प्रयोगशाळेतही जर्मन माणसं, असा सगळा ताफाच तिथे होता. 'अछूत कन्या' (१९३६) याच मंडळींचा. ब्राह्मण मुलगा आणि अस्पृश्य मुलगी यांची ती गोष्ट एका जर्मन दिग्दर्शकानं आणि जर्मन कॅमेरामननं चित्रित केली, याची मला अजूनही गंमत वाटते. त्यातून ऑस्टेन नात्सी पक्षाचा सभासद! १९३९ साली युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिशांनी दोघांनाही पकडलं. ऑस्टेन पुढे जर्मनीला परत गेला. विर्शिंग मात्र स्थानबद्धतेतून सुटल्यावर इथेच राहिला, इथल्याच सिनेमात काम करत राहिला आणि इथेच गेला.

पण प्रदर्शन त्याच्या सिनेमांचं नव्हतं. सिनेमा चालू असताना तो स्वतःच्या कॅमेऱ्यानं जे फोटो काढायचा, त्यांचं होतं. दोन शॉटच्या मधली देविका राणी, दिव्यांच्या गर्दीत उभे असलेले कामगार, रचून ठेवलेलं खोटं खेडं आणि त्यामागे दिसणारे वासे. ती खेडी, ती जंगलं आम्हा झाडीपट्टीवाल्यांना जरा हसूच आणतात. 'इज्जत' (१९३७) मध्ये भिल्ल आणि मराठ्यांचा झगडा आहे, तिथली देविका राणीची भिल्लीण बघा म्हणजे कळेल! पण फोटोत वासे दिसतात, म्हणून फोटो सिनेमापेक्षा खरे.

हे सगळं टिकलं कुठे? सरकारी संग्रहालयात नाही. विर्शिंगच्या कुटुंबानं ते घरातच सांभाळलं. निगेटिव्ह, छापील फोटो, कागदपत्रं, हजारोंच्या संख्येनं. शेवटी गोव्यात नातू गेऑर्ग याच्याकडे. आणि ते लोकांसमोर मांडलं रहाब अलाना यांनी, अभ्यासक देबश्री मुखर्जी यांच्याबरोबर. अलाना म्हणजे इब्राहिम अल्काझींचे नातू. अल्काझी नाटकवाले म्हणून आपल्याला माहीत. जन्म पुण्याचा, १९२५ चा, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक १९६२ ते १९७७. पण त्यांनी दिल्लीत आर्ट हेरिटेज ही चित्रदालनाची जागा चालवली आणि जुन्या भारतीय फोटोंचा फार मोठा संग्रह जमवला, हे सहसा कुणी सांगत नाही. नातवानं तो संग्रह हाती घेतला आणि आजच्या फोटोग्राफरांसाठी 'पिक्स' हे नियतकालिकही काढलं. जुनी निगेटिव्ह आणि आजचं काम असं दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर असल्यामुळेच, मला वाटतं, विर्शिंगचे फोटो तिथे नटनट्यांचे जुने फोटो म्हणून टांगले गेले नाहीत. काम करणाऱ्या माणसांची नोंद म्हणून ते लावले होते. २०२३ मध्ये मुखर्जींनी संपादित केलेलं पुस्तकही आलं.

आणखी एक नातू आहे. हिमांशू रायना पहिल्या जर्मन पत्नीपासून मुलगी होती, तिचा मुलगा पीटर डीट्झ ऑस्ट्रेलियात. त्याच्या घरच्या संग्रहातून २०१७ सालीच मेलबर्नला बॉम्बे टॉकीजचं प्रदर्शन भरलं. एकाच वर्षी दोन गावांत, दोन नातवांच्या पेट्यांतून एकच स्टुडिओ बाहेर आला. स्टुडिओ स्वतः मात्र १९५४ च्या सुमाराला बंद पडलेला.

आपल्या प्रभातचं काय? १९३६ सालचाच 'संत तुकाराम'. विष्णुपंत पागनीस सगळ्यांना पाठ, दामले-फत्तेलालही. कॅमेरा व्ही. अवधूत यांचा होता, हे किती जणांना ठाऊक आहे? २००३ च्या जानेवारीत पुण्यात प्रभातच्याच जुन्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या कितीतरी प्रती गेल्या. त्याआधी चांदी काढण्यासाठी भंगारात विकल्या गेलेल्या फिल्मची तर मोजदादच नाही. पुणे-कोल्हापुरातल्या एखाद्या माळ्यावर कुणा नातवाची पेटी असेल का, असं राहून राहून वाटतं.

असो. आजोबांच्या निगेटिव्ह मी सुट्या करून बटर पेपरमध्ये ठेवल्या आहेत, चिकटलेल्या सोडून. बऱ्याच आजीच्या आणि सागाच्या लाकडांच्या आहेत, जवळजवळ सारख्याच संख्येनं (आजीला हे सांगितलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे). एकीत हत्ती ओंडका ओढतो आहे, बहुधा कमलापूरचा. हत्तीच्या बाजूला धोतर नेसलेला, डाव्या हातात अंकुश धरलेला एक माणूस सरळ आजोबांकडे बघून हसतो आहे. त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. मोठ्या बाबांना आठवत नाही. आलापल्लीला मामाचं बालपण गेलं, त्याला फोटो पाठवला आहे. घरातल्या आणखी कुणाला ओळख पटली तर मला लगेच कळवा.