हरवलेली मांजरे व प्राणिनिवारागृहे
हरवलेली मांजरे व प्राणिनिवारागृहे : घरापासून भरकटलेल्या पाळीव मांजरांना तात्पुरता आसरा देणाऱ्या, त्यांची ओळख पटवून ती मूळ मालकाकडे पोहोचविणाऱ्या व मालक न मिळाल्यास त्यांची अन्य व्यवस्था करणाऱ्या संस्था आणि त्यांच्या कार्यपद्धती. आधुनिक अर्थाने अशा संस्था एकोणिसाव्या शतकात इंग्लंड व अमेरिकेत उदयास आल्या. त्या प्रामुख्याने कुत्र्यांसाठी काढलेल्या होत्या. मांजराचा प्रवेश तेथे उशिरा झाला आणि त्यानंतरही ते दीर्घकाळ निनावीच राहिले. कुत्र्याला धनी असतो, हे कायद्याने लवकर मान्य केले. मांजराच्या बाबतीत ती मान्यता फार सावकाश मिळाली. निवारागृहात आलेल्या मांजराचे पुढे काय झाले, ते बव्हंशी या फरकावर अवलंबून राहिले आहे.

इंग्लिश परंपरागत कायद्यानुसार कुत्रा व मांजर हे खाद्योपयोगी प्राणी नसल्यामुळे त्यांची चोरी हा चोरीचा गुन्हा ठरत नसे. कुत्र्यांपुरती ही उणीव १८४५ च्या अधिनियमाने भरून काढली. कुत्र्यावर कर १७९६ पासूनच होता व पुढे परवानाही आला. १८६७ च्या अधिनियमाने लंडनमधील भटकी कुत्री ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला, तर १९०६ च्या अधिनियमाने पकडलेला कुत्रा सात दिवस राखून ठेवण्याचे बंधन घातले. कर, परवाना व गळपट्टा यांमुळे कुत्र्याची कोठे ना कोठे नोंद होत गेली. मांजरावर कर नव्हता, परवाना नव्हता, त्यामुळे नोंदही नव्हती. मोटारीखाली कुत्रा सापडल्यास चालकाने पोलिसांना कळविले पाहिजे, असे ब्रिटनचा १९८८ चा वाहतूक अधिनियम सांगतो. त्या यादीत घोडा, गाढव, शेळी, डुक्कर आहेत, मांजर नाही.

मेरी टील्बी (१८०१–६५) या बाईंनी १८६० मध्ये लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक तात्पुरते आश्रयस्थान सुरू केले. टाइम्स या वृत्तपत्राने आरंभी त्याची टिंगल केली. उलट चार्ल्स डिकन्स यांच्या ऑल द इयर राउंड या साप्ताहिकात १८६२ मध्ये त्याची सहानुभूतीने दखल घेण्यात आली. १८७१ मध्ये ही संस्था बॅटर्सी येथे हलविण्यात आली व १८८३ पासून तेथे मांजरेही घेतली जाऊ लागली. तथापि संस्थेच्या नावात मांजराचा समावेश होण्यास २००२ साल उजाडावे लागले. खास मांजरांसाठीही गृहे निघाली : डब्लिन येथे १८८५ मध्ये व लंडनमध्ये १८८६ मध्ये. ‘उपाशी व टाकलेली मांजरे’ असे शब्द या दोन्ही गृहांच्या नावांत होते. हरवलेले आणि टाकलेले यांत भेद कसा करावयाचा, हा प्रश्न या नावांनीच उभा केला आणि तो आजही सुटलेला नाही. ब्रिटनमधील मांजर-संरक्षण संघाची स्थापना १९२७ मध्ये झाली. अमेरिकेत कॅरोलाइन अर्ल व्हाइट (१८३३–१९१६) व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी फिलाडेल्फियात १८६९ मध्ये स्थापन केलेल्या शाखेने नगरपालिकेच्या कोंडवाड्याला निवारागृहाचे रूप दिले.

या गृहांची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. जागा मर्यादित व आवक अमर्याद असल्यामुळे मुदतीत मालक न आलेले प्राणी मारले जात. हे काम कमी वेदनेने व्हावे म्हणून डॉक्टर बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी तयार केलेला वायुकक्ष बॅटर्सी येथे १८८४ मध्ये बसविण्यात आला. त्या काळी ती सुधारणाच मानली गेली. ज्या प्राण्याचा धनी ओळखता येत नसे, त्याच्या दृष्टीने मुदत व मृत्यू यांत फारसे अंतर नव्हते.

भारतातील पांजरपोळाची कल्पना याहून मुळातच वेगळी आहे. मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाजात प्रक्षोभ होऊन दंगल झाली. त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये भुलेश्वर येथे पांजरपोळ स्थापन झाला. तेथे आलेल्या जनावराला आमरण पोसणे हा धर्म मानला जाई. त्यामुळे मुदतीचा प्रश्न उद्भवत नसे आणि मालक शोधण्याची निकडही भासत नसे. पुढे मुंबईत १८७४ मध्ये प्राणी-क्रौर्य-प्रतिबंधक संस्था स्थापन होऊन परळच्या पशुरुग्णालयामुळे उपचारांची सोय झाली.

ओळखीचा अभाव किती महाग पडतो, हे दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी दिसून आले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात लंडनमध्ये सु. ४ लाख कुत्री व मांजरे त्यांच्या मालकांनीच मारवून घेतली. तसा सरकारी हुकूम नव्हता. बाँबहल्ल्याची धास्ती व स्थलांतराची घाई हीच कारणे होती. हवाई हल्ल्यांपासून प्राण्यांचे रक्षण करण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय समितीने पाळीव प्राण्यांची नोंदणी हाती घेतली. प्रत्येक प्राण्याच्या गळ्यात क्रमांकाची चकती, तोच क्रमांक नोंदवहीत मालकाच्या नावासमोर आणि गल्लीगल्लीत स्वयंसेवक रक्षक अशी ही योजना होती. उद्ध्वस्त घरांतून निघालेल्या मांजरांनाही तिचा लाभ मिळाला. मांजराला क्रमांक देण्याचा इतक्या मोठ्या प्रमाणावरील हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक होय. युद्ध संपताच तो मागे पडला.

चकतीचा दोष उघड आहे : पट्टा गळून पडतो. कानावर क्रमांक गोंदण्याची पद्धत फ्रान्समध्ये रूढ झाली. पण केस वाढल्यावर व शाई पुसट झाल्यावर तो वाचणे कठीण जाते. १९८० नंतरच्या दशकात आलेल्या मायक्रोचिपने ही अडचण दूर केली. तांदळाच्या दाण्याएवढी (लांबी सु. १२ मिमी.) ही काचेची कुपी खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने घालतात. तिच्यात विद्युत्‌घट नसतो. वाचकयंत्राच्या रेडिओतरंगांनी ती क्षणभर जागृत होऊन आपला क्रमांक कळविते. प्राणी कोठे आहे, हे ती सांगत नाही. तसा समज मात्र सर्वत्र आढळतो. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकांनी १५ अंकी क्रमांक व १३४·२ किलोहर्ट्‌झ ही कंप्रता निश्चित केली. अमेरिकेत वेगळ्या कंप्रतांच्या चिपा आधीच रुळल्या होत्या. त्यामुळे चिप असूनही यंत्राला ती न दिसण्याचे प्रकार तेथे घडत, व सर्व कंप्रता वाचणारी यंत्रे येईपर्यंत ही उणीव राहिली.

अमेरिकेतील ५३ निवारागृहांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चिप असलेल्या मांजरांपैकी ३८·५ टक्के मालकांकडे परत गेली. एकूण भटक्या मांजरांत हे प्रमाण अवघे १·८ टक्के होते. चिप असूनही मालक न सापडण्याच्या कारणांत चुकीचा वा बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक हे कारण एक-तृतीयांशाहून अधिक वेळा आढळले. चिप शाबूत, नोंदवही मात्र शिळी, असा हा प्रकार आहे. मांजराच्या स्वभावाचाही येथे संबंध येतो (⟶ मांजर). हरवलेला कुत्रा माणसांकडे जातो. घाबरलेले मांजर जवळच्या सांदीकोपऱ्यात दडून बसते व धन्याच्या हाकेलाही ओ देत नाही. १,२१० हरवलेल्या मांजरांच्या २०१८ मधील अभ्यासात सापडलेल्यांपैकी सु. तीन-चतुर्थांश मांजरे ५०० मीटरांच्या आतच मिळाली. अंगणे, जिने व शेजाऱ्यांच्या खोल्या धुंडाळणे हा जुना उपाय त्यामुळे अजूनही निरुपयोगी ठरलेला नाही.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१२ नंतर जन्मलेल्या मांजरांची ओळखनोंद सक्तीची करण्यात आली. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना २०१६ मध्ये व मांजरांना १० जून २०२४ पासून मायक्रोचिप आवश्यक झाली. वीस आठवड्यांहून मोठ्या पाळीव मांजराला चिप नसल्यास मालकाला ती बसविण्यासाठी २१ दिवसांची मुदत मिळते. त्यानंतर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. माणसांशी संपर्क न ठेवणाऱ्या मोकाट मांजरांना या नियमातून वगळले आहे.